आकाशावर लिनिअर ग्रेडियंट: एवढं पुरे की नाही?

घाटमाथा: पावसाळ्यात आकाश पांढरंफटक येतं. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वरून खाली लिनिअर ग्रेडियंट, म्हणजे सरळ रेषेत हळूहळू विरत जाणारा बदल, ओढायचा, एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा), हायलाइट्स थोडे कमी, विषय संपला. २००८ पासून ही सोय आहे, तेव्हा नाव ग्रॅज्युएटेड फिल्टर होतं. आता सगळे 'सिलेक्ट स्काय'च्या (आकाश आपोआप निवडणाऱ्या सोयीच्या) मागे. त्यात झाडाच्या फांद्यांभोवती उरणारी ती पांढरी कड कुणाला दिसत नाही का?

तिकोना_७: समुद्रावर पुरेल, तिथे क्षितिज सरळ असतं. राजगडाचा बालेकिल्ला घ्या. तो आकाशात घुसलेला. ग्रेडियंट ढगांसोबत त्याचाही माथा काळा करतो. वर सांज आणि खाली माचीवर भर दुपार!

घाटमाथा: त्याच मास्कला (बदल कुठे लागू होईल ते ठरवणाऱ्या भागाला) ल्युमिनन्स रेंजने, म्हणजे उजेडाच्या पातळीने, इंटरसेक्ट करा. परिणाम उजळ भागापुरता राहतो, कातळ सुटतो. दहा सेकंदांचं काम.

तिकोना_७: म्हणजे नुसता ग्रेडियंट पुरत नाही. हेच तर म्हणतोय मी :)

काचवाला: मुळात आकाश जळालं असेल, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल कमाल २५५ ला टेकले असतील, तर गडद करून मिळणार काय? पांढऱ्याचं राखाडी. त्यापेक्षा लेन्सपुढे तीन स्टॉपचा सॉफ्ट जीएनडी लावा, म्हणजे वर गडद आणि खाली हळूहळू पारदर्शक होणारी फिल्टरची काच.

तिकोना_७: तुमच्या काचेला तरी बालेकिल्ला कुठे कळतो? तिचीही सीमा सरळच. वर पावसात ती पुसत बसा. आकाशाला धरून एक्स्पोजर घ्या, १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या बऱ्याच उचलता येतात.

काचवाला: उचलल्या की त्यात नॉइज (दाणेदारपणा) येतो, तो कोण निस्तरणार?

गिंपकर: पैसे न मोजता हे सगळं गिंपमध्ये होतं. लेअरची प्रत काढा, ती गडद करा, पांढरा लेअर मास्क लावा आणि मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट ओढा. काळं तिथे खालचा लेअर दिसतो. मात्र ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या, त्यामुळे संध्याकाळच्या निळ्या आकाशात पट्टे दिसतात. २.१० पासून (२०१८) प्रिसिजन (प्रत्येक चॅनलचे बिट) वाढवता येतं, ते आधी वाढवा. जेपेगमधून गेलेलं परत येत नाही, पण पुढचं गणित तरी खडबडीत होत नाही. ग्रेडियंट टूलमधलं डिदरिंगही (पट्टे मोडायला बारीक ठिपके मिसळणं) चालू ठेवा.

घाटमाथा: हे पटलं. बाकी लोकांचे ग्रेडियंट नजरेत भरतात कारण ते दोन बोटं ओढून सोडतात. निम्म्या फ्रेमभर पसरवा, कुणाच्या बापाला कळणार नाही.

तिकोना_७: आणि सूर्य डाव्या कोपऱ्यात असताना आडवा ग्रेडियंट? आकाश त्या बाजूने उजळ असतं, तो तिरका फिरवावा लागतो. तुमच्या सगळ्या फोटोंत अंधार बरोब्बर वरून उतरतो, म्हणून तर कळतं.

घाटमाथा: तिरका ओढला तरी तो लिनिअरच ना!