'मेका' पाडली, भिंतही पाडली. मग शिकागोत कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचा वारसा नेमका उरला कुठे?

दक्षिणकाठ

मी शिकायला शिकागोच्या साउथ साइडला होतो, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. तिथला क्राउन हॉल बघायला जगभरातून आर्किटेक्ट येतात. काच आणि पोलादाची इमारत, १९५६ची, मीस व्हान डर रोहे यांची. दोन वर्षं मी रोज तिच्यासमोरून गेलो. त्याच जागी पूर्वी 'मेका' नावाची अवाढव्य राहती इमारत होती: मध्ये चौक, भोवती मजल्यामजल्याला कठड्याचे सज्जे, आपल्या गिरगावातल्या चाळीसारखे. १९५२ साली ती पाडली. हे मला तिथे कुणीच सांगितलं नाही. मला ते कळलं ब्रुक्सबाईंच्या 'इन द मेका' या १९६८च्या दीर्घकवितेमुळे. कामावरून थकून आलेली आई, आणि पेपिता नावाची तिची हरवलेली लेक. ती सापडेना म्हणून दारोदार चौकशी होते आणि प्रत्येक दारामागचं एकेक आयुष्य उघडत जातं. तरुणपणी बाईंनी त्याच इमारतीत तोडगे-औषधं विकणाऱ्या एका बाबाकडे नोकरी केली होती, म्हणून ती दारं इतकी खरी वाटतात.

आता १९६७चा ऑगस्ट. १५ तारखेला डाउनटाउनमध्ये पिकासोच्या प्रचंड शिल्पाचं अनावरण झालं, महापौर डेली यांच्या हस्ते. बाईंनी तिथे कविता वाचली. त्याच महिन्यात ४३वा रस्ता आणि लँगली यांच्या कोपऱ्यावर कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका पडीक इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' रंगवली. तिच्यावर मॅल्कम एक्स, मुहम्मद अली आणि खुद्द ब्रुक्स. बाई तिथेही गेल्या. दोन्हींवर त्यांनी लिहिलं. पिकासो आजही दिमाखात उभा आहे. भिंत १९७१च्या आगीनंतर पाडली गेली.

माझं मत: शहर ज्याची देखभाल करतं, ते आपल्याला वारसा म्हणून दाखवलं जातं. खरा वारसा म्हणजे त्या काळात उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या संस्था. १९५०चं पुलित्झर मिळवणाऱ्या बाई (कुठल्याही विभागात ते मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय) न्यूयॉर्कची हार्पर ही बडी प्रकाशनसंस्था सोडून डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेस या कृष्णवर्णीयांच्या छोट्याशा प्रकाशनाकडे गेल्या. हा निर्णय मला त्यांच्या कुठल्याही एका कवितेपेक्षा मोठा वाटतो.

उंबरठा

शेवटच्या वाक्याशी अजिबात सहमत नाही.

तुम्ही ज्या पुस्तकाने एवढे हलला आहात, ते 'इन द मेका' कुणी छापलं? हार्परनेच. ते न्यूयॉर्कच्या वितरणातून गेलं नसतं, तर तुमच्यासारख्या परक्या विद्यार्थ्याच्या हाती लागलं असतं का? 'वी रिअल कूल'चंही तेच. आठ ओळींची कविता, पूल (बिलियर्डसारखा खेळ) खेळणारी सात पोरं. आधी १९५९ साली 'पोएट्री' मासिकात आली, मग हार्परच्या संग्रहात. आज ती अमेरिकेत शाळेशाळेतून शिकवतात. नंतर छोट्या प्रकाशनांकडून आलेली त्यांची पुस्तकं मात्र मी स्वतः कित्येक महिने शोधत होते.

दुसरं. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या प्रकाशनात कवीला मोकळीक असते, हे गृहीत धरू नका. कवयित्री कॅरोलिन रॉजर्स चळवळीतल्याच, शिकागोचं थर्ड वर्ल्ड प्रेस हे प्रकाशन सुरू करणाऱ्यांपैकी. बाईमाणसाने कवितेत शिवराळ भाषा वापरायची नाही, असं त्यांना आपल्याच माणसांकडून ऐकावं लागलं. पुढे १९७५ साली त्यांचा महत्त्वाचा संग्रह मोठ्या प्रकाशनाकडून आला. ती गद्दारी नव्हती. त्यांना जागा हवी होती.

दक्षिणकाठ

रॉजर्स यांच्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य, मी ते टाळायला नको होतं. पण 'वी रिअल कूल'ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. ब्रॉडसाइडने १९६६ साली ती एकाच सुट्या कागदावर छापली. कागद घ्या आणि घरी भिंतीला लावा! ज्या पोरांवर ती लिहिली आहे, त्यांच्या घरात संग्रह जात नव्हता. कागद जाऊ शकत होता.

आणि थर्ड वर्ल्ड प्रेस बघा. १९६७ साली कवी हाकी मधुबुती (तेव्हाचे डॉन ली) यांनी शिकागोच्या एंगलवूडमधल्या तळघरातल्या खोलीत ते सुरू केलं. भांडवल ४०० डॉलर आणि एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन. ते ५० वर्षांहून अधिक टिकलं. त्याच शहरात जॉन्सन पब्लिशिंगसारख्या बड्या कंपनीने 'ब्लॅक वर्ल्ड' हे मासिक १९७६ साली बंद केलं. संपादक हॉइट फुलर यांनी कितीतरी नवे कवी त्यातून पुढे आणले होते. मालक कृष्णवर्णीयच असला, तरी मासिक त्याच्या मर्जीवर जगतं, हे तेव्हा दिसलं.

गोदाकाठ

सायक्लोस्टाइल हा शब्द वाचला आणि थेट औरंगाबादला पोचलो. आमच्याकडे, दलित साहित्यात, हा वाद नवा नाही. दलित पँथरने १९७२ साली नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधीच म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या कृष्णवर्णीय साहित्याबद्दल इथे बोलत होते. जनार्दन वाघमारे यांनी पुढे त्यावर मराठीत पुस्तकच लिहिलं. माझ्या वडिलांनी ते रात्री कंदिलात वाचलेलं.

आणि गंगाधर पंतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक नसतं, तर आमच्यातल्या कितीजणांचं पहिलं लिखाण छापून आलं असतं? त्या वेळी मोठ्या मासिकांकडून साभार परत यायचं. उंबरठाताई, पहिल्या पिढीला निवडच नसते. मोठा प्रकाशक दुसऱ्या पिढीच्या दारात येतो.

उंबरठा

गोदाकाठ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. पण ब्रुक्सबाई पहिल्या पिढीतल्या नव्हत्या. १९४५पासून त्या हार्परकडे होत्या. त्यांच्याकडे निवड होती, म्हणून तर आपण वाद घालतोय.

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, त्यामुळे मला तुमच्या दोघांच्याही यादीत एक गोष्ट सापडत नाही: मुलं.

१९६७च्या वसंतात बाई फिस्क विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेला गेल्या. वय पन्नाशीचं. तिथे तरुणांनी त्यांना फक्त थंड आदर दिला, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. दुसरी एखादी पुलित्झरवाली लेखिका रुसून घरी बसली असती. या परतल्या आणि ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या पोरांसाठी कवितेचा वर्ग घेऊ लागल्या. १९६८पासून २००० साली जाईपर्यंत त्या इलिनॉयच्या राजकवी होत्या. ती ३२ वर्षं त्यांनी शाळा आणि तुरुंग पालथे घातले. शाळकरी कवींना बक्षिसं द्यायच्या, ती स्वतःच्या पैशातून. पुस्तक कुणी छापलं हा प्रश्न माझ्यासाठी त्यानंतर येतो.

दक्षिणकाठ

पण ताई, वर्ग घेणारी व्यक्ती गेली की वर्ग संपतो. म्हणूनच मी संस्था म्हणतोय.

पाटी_पेन्सिल

संपत नाही. मधुबुती त्यांच्या वर्गात येणाऱ्या तरुणांपैकीच. तुम्ही ज्याला संस्था म्हणताय, ती त्या वर्गातूनच निघाली.

उंबरठा

हा मुद्दा मला पटला. तरी माझा प्रश्न उभाच आहे: पुस्तक दुकानात नसेल, तर पुढच्या वर्गात शिकवायचं काय?

दक्षिणकाठ, २०१८ साली बाईंचा अर्धपुतळा त्यांच्या नावाच्या बागेत बसवलाय, ग्रीनवुड अव्हेन्यूवर. तुमच्या कॉलेजपासून लांब नाही. पुन्हा शिकागोला गेलात तर जा, आणि जवळपासच्या पुस्तकांच्या दुकानात 'इन द मेका' मिळतं का ते विचारा. मिळालं तर माझ्यासाठी एक प्रत आणा. पैसे पाठवते.