निराशेच्या दिवसांत विश्वासानं कसं सावरलं? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. नोकरी गेली, पाठोपाठ आईही गेली. प्रार्थनेला बसायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळे सांगायचे, "विश्वास ठेव." तो कसा ठेवायचा, हेच तर कळत नव्हतं. अशातच एका रात्री बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचला. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो, ते रागवायला नाही, उपदेश करायलाही नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि म्हणतो, खा, वाट फार लांबची आहे. चाळीस दिवसांची होरेब डोंगराची वाट त्यानंतरची! मी शास्त्र मिटलं, दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले आणि झोपले. प्रार्थना केली नाही. तरी देव जवळ आहे असं त्या रात्री वाटलं.

*

ताई, अगदी पटलं. आमचं बाळ जन्माआधीच गेलं, तेव्हा मला ८८ वं स्तोत्र भेटलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे माझं रडणंही देवाला चालतं. एवढं कळायला मला सहा महिने लागले.

*

मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतो. चर्चच्या मंडळीतल्या एकानं "विश्वास कमी पडतोय" म्हटलं आणि मी गोळ्या बंद केल्या. फार वाईट दिवस गेले. कृपा करून असं कुणी करू नका. बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, लूकला, 'प्रिय वैद्य' म्हणतो (कलस्सै ४:१४). आता सकाळी गोळी हातात घेऊन आभार मानतो, मगच गिळतो.

*

मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही, तरी लिहितो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात, छप्पर उघडून त्याची बाज खाली सोडतात. येशूनं "त्यांचा विश्वास" पाहिला, असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाला त्या वेळी काय वाटत होतं, याबद्दल एक शब्द नाही. माझेही असे चौघे आहेत. त्यातला एक रोज रात्री फोन करतो आणि मी गप्प राहिलो तरी ठेवत नाही, पलीकडून हळू आवाजात माझ्यासाठी प्रार्थना करत राहतो. वर्षभर मी उपासनेत नुसता उभा राहायचो. गेल्या रविवारी गीताची एक ओळ तोंडातून निघाली. शेजारच्या काकांनी काही न बोलता त्यांचं गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.