व्हीनस ऑक्लुजन: स्नायूतला रक्तप्रवाह इतका कमी का दिसतोय?

तरंगलांबी:
नमस्कार. ७६० आणि ८५० नॅनोमीटरचं निअर-इन्फ्रारेड उपकरण (ऊतीतलं हिमोग्लोबिन प्रकाशाने मोजणारं), प्रकाशस्रोत ते डिटेक्टर अंतर ३० मिमी, सेकंदाला १० नमुने. प्रोब कोपराखालच्या फ्लेक्सर स्नायूवर, कफ दंडावर. व्यक्ती आडवी, विश्रांतीत.

१) व्हीनस ऑक्लुजनसाठी (धमनी उघडी ठेवून फक्त शिरा बंद करणं) कफ ५५ मिमी पाऱ्यावर नेल्यावर टोटल हिमोग्लोबिन (ऑक्सिजन धरलेलं ऑक्सी अधिक ऑक्सिजन सोडलेलं डीऑक्सी) सेकंदाला ०.५ मायक्रोमोलरने चढतं. रक्तातलं हिमोग्लोबिन १४ ग्रॅम/डेसिलिटर, म्हणजे ८.७ मिलिमोल/लिटर धरलं. रक्तप्रवाहाचं उत्तर येतं मिनिटाला १०० मिलिलिटर ऊतीमागे ०.३४ मिलिलिटर. फारच कमी वाटतं.

२) २५० मिमीला धमनी बंद केली तरी टोटल पहिले ७-८ सेकंद वाढतच राहतं. मग ऑक्सिजन वापराचा स्लोप (रेघेचा चढ-उतार) कुठून धरायचा? कफ हातपंपाने फुगवतो.

चार_हीम:
पहिल्याचं उत्तर ८.७ मध्येच आहे. प्रयोगशाळा मिलिमोलमध्ये आकडा देतात तेव्हा तो बहुधा एका हीमच्या (हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग) हिशोबाने असतो. तुमचं उपकरण मात्र बहुतेक पूर्ण रेणू, म्हणजे चार हीमचा एक, मोजतंय. मॅन्युअलमध्ये शोषण गुणांक कशाचे दिलेत ते आधी बघा. पूर्ण रेणूचं वजन साधारण ६४,५००, म्हणून १४० ग्रॅम/लिटर म्हणजे २.१७ मिलिमोल.

०.५ × ६० = ३० मायक्रोमोलर प्रतिमिनिट. त्याला २१७० ने भागून १०० ने गुणा: १.३८. विश्रांतीतल्या हाताला हा आकडा शोभतो.

स्लोप कफ फुगल्यानंतरचा एक सेकंद सोडून पुढच्या ३-५ सेकंदांवरच बसवा, तोही हृदयाच्या पूर्ण ठोक्यांवर. अर्धा ठोका आत आला की स्लोप हलतो. शिरा भरत गेल्या की रेघ वाकते; वाकलेला भाग घेतलात तर प्रवाह कमीच दिसणार. शिवाय हात हृदयापेक्षा थोडा वर ठेवा. शिरा आधीच भरलेल्या असतील तर सरळ भाग उरतच नाही.

दाबनळी:
दुसऱ्याचा दोष हातपंपाचा. दाब २० पासून ८० पर्यंत रेंगाळतो तेवढ्या वेळात शिरा बंद आणि धमनी उघडी. रक्त आत येतं, बाहेर जात नाही. म्हणजे नकळत तुम्ही आधी व्हीनस ऑक्लुजनच करताय! हवेची टाकी आधी भरून ठेवा, आखूड आणि रुंद नळी लावा, मध्ये झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह. कफ एका सेकंदाच्या आत भरला पाहिजे. तो सैल गुंडाळला तर अर्धी हवा पोकळी भरण्यातच जाते.

आधीचं रेकॉर्डिंग टाकून देऊ नका, त्यावर रक्तघनफळाची दुरुस्ती करता येते. बीटा = ऑक्सीतला बदल ÷ (ऑक्सीतला + डीऑक्सीतला बदल), दोन्ही चिन्ह न धरता. दुरुस्त ऑक्सी = ऑक्सी − टोटल × (१ − बीटा). दुरुस्त डीऑक्सी = डीऑक्सी − टोटल × बीटा. दोन्ही रेघा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा दिसल्या पाहिजेत. स्लोप त्यांच्यावरून घ्या. ऑक्सिजनचे मोल काढताना मात्र चारने गुणायचं, कारण एक रेणू चार ऑक्सिजन वाहतो. याच चारमुळे प्रवाहाच्या आणि ऑक्सिजन वापराच्या सूत्रांची सरमिसळ होते.

चिमटा:
वरचा १.३८ सुद्धा पाथलेंग्थ फॅक्टरवर (ऊतीत विखुरल्याने प्रकाशाची वाट सरळ अंतराच्या किती पट होते तो आकडा) उभा आहे हे विसरू नका. उपकरणात ४ टाकला आणि खरा ५ असला तर प्रवाह २५ टक्के जास्त दिसेल. आणि स्किनफोल्ड कॅलिपरने प्रोबखालची घडी मोजलीच पाहिजे. तिचं अर्ध म्हणजे त्वचा अधिक चरबी. ३० मिमी अंतराला प्रकाश सुमारे १५ मिमी खोल पोचतो, त्यातले ८-९ मिमी चरबीतच गेले तर स्नायूचा वाटा थोडा उरतो. प्रोबवर काळं कापड हवं. इलॅस्टिक बँडेज मात्र आवळू नका, त्याखालच्या शिरा त्यानेच दबतात.

तरंगलांबी:
मॅन्युअल पाहिलं, गुणांक पूर्ण रेणूचेच आहेत. हातपकड व्यायाम चालू असताना हीच पद्धत चालेल?

चार_हीम:
आकुंचन चालू असताना नाही. स्नायू आवळला की शिरांतलं रक्त पिळून निघतं आणि स्लोपला अर्थ राहत नाही. दोन आकुंचनांच्या मधल्या सैल अवस्थेत झटपट कफ लावून बघा. तेवढा अवधी ठेवावा लागेल.

दाबनळी:
डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपीत (विखुरलेल्या प्रकाशातल्या चढ-उतारांवरून रक्तप्रवाह मोजणं) कफ लागत नाही, पण तिथेही स्नायुतंतूंची हालचाल रक्तपेशींच्या हालचालीत मिसळते आणि प्रवाह फुगून दिसतो. वाचन आकुंचन थांबल्या थांबल्या घ्यावं.