बोलिंग: शेजारच्या लेनवर कोणी उभं असेल तर थांबायचं की नाही?

चारपावलं

गेल्या रविवारची गोष्ट. माझी उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन तेवढी उरली होती. अ‍ॅप्रोचवर, म्हणजे लेनच्या अलीकडे बॉल टाकायला चालत येतो त्या पट्ट्यावर चढलो, चालायला लागलो आणि तिसरं पाऊल पडतंय तोच डावीकडच्या लेनवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पोटाशी बॉल धरून धावत सुटला, तो तिरका थेट माझ्यासमोर. मी जागच्या जागी थांबलो. पण हातातला चौदा पौंडांचा, म्हणजे सहा किलोंहून जड बॉल झोक्यात पुढे येत होता, तो कसा थांबणार? अंगठा भोकात, बोटं भोकात. कसाबसा आवरला, पण डावा गुडघा असा पिळवटला की दोन दिवस जिना चढताना कळ येत होती.

मुलाला काही झालं नाही हे नशीब. त्याच्या वडिलांना एवढंच म्हणालो की जरा बाजूला बघून येऊ द्या त्याला. ते म्हणाले, "अहो, मुलांना खेळू द्या की, इथे काय मॅच चाललीय?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं साधं आहे. अ‍ॅप्रोचवर चढण्याआधी डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशा दोन लेन बघायच्या. तिथे कोणी आधीच उभं असेल तर त्याचा बॉल सुटेपर्यंत खाली थांबायचं. दोघं एकाच वेळी चढले तर उजवीकडचा आधी. जगभर बहुतेक ठिकाणी हाच रिवाज आहे. लीग, म्हणजे नियमित चालणाऱ्या स्पर्धा, असो वा वाढदिवसाची पार्टी, शरीरं तीच आणि बॉलही तेच. एक लेन जेमतेम साडेतीन फूट रुंद, आणि दोन अ‍ॅप्रोचच्या मध्ये ना भिंत ना कठडा, सगळी सलग फळ्यांची जमीन. त्यात दोन लेनना मिळून बॉल परत येण्याची जागा एकच, म्हणजे दोन्हीकडची माणसं तिथूनच उठून येणार.

तुम्हाला काय वाटतं?

रविवारचा गडी

असहमत. आणि का ते सविस्तर सांगतो, कारण दरवेळी आमच्यासारख्यांनाच बोल लावला जातो.

आम्ही आठ जण मिळून एक लेन तासाच्या हिशेबाने घेतो. प्रत्येकाच्या दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, एकेकीत बहुतेकदा दोन बॉल, म्हणजे एका गेमला दीडशेच्या आसपास बॉल टाकायचे. प्रत्येक बॉलआधी शेजाऱ्यासाठी दहा सेकंद थांबलो तर पंचवीस मिनिटं नुसती उभं राहण्यात गेली. तासातली पंचवीस! आणि शेजारचे स्वतःचा बॉल घेऊन येणारे "गंभीर" खेळाडू काय करतात बघा: बॉल पुसतात, वर चढतात, हनुवटीखाली धरून पिनांकडे टक लावून बघत राहतात, मग काही जुळलं नाही म्हणून खाली उतरतात, परत पुसतात. तोवर आम्ही दोन्ही बाजूंना बघत उभे. हे सौजन्य एकतर्फी आहे.

तुमच्या बाबतीत मुलाचं धावणं ही चूक होती, मान्य. वडिलांनी माफी मागायला हवी होती, हेही मान्य. पण त्यावरून लीगचे रिवाज सगळ्यांवर लादायचे हे पटत नाही. आणि हे रिवाज आम्हाला सांगितले कोणी? बुटांचा नंबर विचारतात, नावं टाकून घेतात, खेळ सुरू. पुढचा माणूस धावत नसेल, धक्का लागत नसेल, तर ज्याची तयारी झाली त्याने टाकावा.

जुना लीगवाला

चारपावलं यांना पूर्ण अनुमोदन. पण मला शेजाऱ्यासाठी थांबण्यापेक्षाही जास्त काळजी आहे ती फाउल लाईनची, म्हणजे अ‍ॅप्रोच संपून लेन सुरू होते त्या रेघेची, आणि त्यावर इथे अजून कोणी बोललेलं नाही.

नवख्या लोकांना वाटतं ती काळी रेघ गुणांसाठी आहे. लीगमध्ये आहेच, पाय पलीकडे गेला की त्या बॉलचे गुण शून्य. पण त्या रेघेच्या पलीकडे तेल आहे. लाईनपासून पहिली पिन साठ फुटांवर, त्यातल्या लाईनपासूनच्या पहिल्या चाळीस फुटांच्या आसपास तेलाचा थर दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवून बघितलं तरच कळतं, नाहीतर पॉलिश केलेलं चकचकीत लाकूड वाटतं.

मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एका लहान मुलीने सहा पौंडांचा बॉल ढकलला, तो लेनच्या कडेच्या गटरमध्ये जाऊन अर्ध्यावर थांबला. ती रडायला लागली. वडील उठले आणि सरळ लेनवरून चालत निघाले. चौथ्या पावलाला दोन्ही पाय एकदम वर. ते डोक्यावर नाही, कुल्ल्यावर आपटले. सावकाश उठले, भिंतीला धरावं तसं गटरच्या कडेला धरून परत आले आणि हसून खुर्चीत बसले. सगळ्यांना वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. त्यांच्या तळव्यांचं तेल अ‍ॅप्रोचवर उतरलं होतं. पुढचा नंबर त्यांच्याच घरातल्या एका बाईंचा. शेवटचं पाऊल थोडं घसरवतच बॉल सोडतात, पण त्यांचा पाय नेहमीपेक्षा हातभर जास्त घसरला, लाईन ओलांडून गेला, आणि त्याही पडल्या. मनगटावर पडल्या. पुढचं सांगत नाही.

याच्या उलट प्रकार पाण्याचा. कोणीतरी पेला सांडतो, बुटाचा तळ ओला होतो, आणि जो पाय घसरायला हवा तो जागीच चिकटतो. शरीर पुढे, पाय मागे. दोन्हीचा शेवट तोंडावर आपटण्यात. म्हणून भाड्याचे बूट घालून स्वच्छतागृहात जाऊ नका, पेले घेऊन अ‍ॅप्रोचच्या आसपास फिरू नका. बॉल अडकला तर कर्मचाऱ्याला बोलवा, तो त्याचं कामच आहे. आणि समोरचा आडवा दांडा खाली असताना बॉल सोडू नका. तो दांडा पिना झाडायला खाली आलेला असतो, त्यावर बॉल आदळला की यंत्र बंद पडून तुमचाच तास जातो.

दोन पोरांची आई

वरचं सगळं वाचलं. तेलाचं वाचून धस्स झालं, कारण मीही एकदा लाईनच्या पुढे पाऊलभर जाऊन आले आहे. लीगवाले काका, तुमचे आभार.

पण चारपावलं, एक गोष्ट सांगू का? तुमच्या धाग्यात मुलगा हा दोषी होऊन बसलाय. बारा वर्षांच्या मुलाला दोन लेनचा रिवाज उपजत कुठून माहीत असणार? माझ्या धाकट्याला एकदा शेजारच्या काकांनी असं खेकसून सांगितलं की तो पुढचे तीन फ्रेम खेळलाच नाही, माझ्या मांडीत तोंड खुपसून बसला. नियम बरोबर होता. सांगण्याची रीत चुकली.

मी घरी काय शिकवलं ते सांगते. बॉल उचलायचा तो दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी धरून, आणि आत येणाऱ्या बॉलच्या दिशेला हात ठेवायचा नाही. थोरल्याचं बोट एकदा थांबलेल्या बॉल आणि मागून आलेल्या बॉलच्या मध्ये सापडलं होतं. नख काळंनिळं झालं, महिनाभर तसंच होतं. हे त्यांना एकदा दाखवलं की पुरतं. पण "डावीकडे बघ, उजवीकडे बघ, तो काका टाकतोय का बघ" हे सहा वर्षांच्या पोराला नाही जमत. तिथे मोठ्या माणसाने अ‍ॅप्रोचच्या पायरीशी उभं राहायचं आणि "आता जा" म्हणायचं. मी तेच करते.

एक प्रश्न मात्र आहे. लहान मुलाचा बॉल रांगत रांगत पिनांपर्यंत जायला बराच वेळ घेतो. तोवर शेजाऱ्याने थांबायचं का?

चारपावलं

ताई, तुमचं बरोबर आहे. मुलगा दोषी नव्हता, मी लिहिताना तसं वाटू दिलं. त्याला मी काही बोललोही नव्हतो, पण धाग्यात ते नीट आलं नाही.

प्रश्नाचं उत्तर: नाही. मूल बॉल सोडून मागे फिरलं की शेजारी मोकळा. बॉल कुठे आहे याला महत्त्व नाही, माणूस कुठे आहे याला आहे.

गडी, तुमच्या दोन मुद्द्यांपैकी एक मी मान्य करतो. वर चढून ताटकळत उभं राहणं हाही उद्धटपणाच आहे, आणि तो आमच्यातल्या जाणत्यांकडूनच जास्त होतो. वर चढलात की टाका. जमत नसेल तर पूर्ण खाली उतरा आणि शेजाऱ्याला हाताने सांगा. तुमचा पंचवीस मिनिटांचा हिशेब मात्र पटत नाही. दर बॉलला शेजारी वर असेलच असं नाही, आणि पिना पुन्हा मांडून होईपर्यंत तुम्हाला तसंही थांबावंच लागतं. ते थांबणं आणि हे थांबणं बहुतेकदा एकमेकांत मिसळून जातं. आठ जणांत वेळ जातो तो "आता कोणाचा नंबर?" यात.

आणि "ज्याची तयारी झाली त्याने टाकावा" हे का चालत नाही ते सांगतो. चालायला लागलेल्या माणसाची नजर लेनवरच्या बाणांवर असते, लाईनच्या पुढे साधारण पंधरा फुटांवर. त्याला बाजूचं दिसत नाही. खाली उभ्या असलेल्याला मात्र सगळं दिसतं. म्हणून ज्याला दिसतं त्याने थांबायचं. यात मोठा-लहान, लीग-पार्टी काही येत नाही.

डावखुरी

उजवीकडच्याने आधी जायचं, यावर माझा अनुभव. मी डाव्या हाताने टाकते. माझ्या डावीकडच्या लेनवर उजव्या हाताचा खेळाडू असला की आमचे दोघांचेही बॉलचे हात एकाच बाजूला येतात, समोरासमोर. एकदम निघालो तर झोका घेताना हात हाताच्या जवळून जातो, अंगावर काटा येतो. तिथे "तुम्ही की मी" करत बसायला नको म्हणून हा नियम मला आवडतो. कोण चांगला खेळतो, कोण आधी आला, काही ठरवावं लागत नाही.

रविवारचा गडी

लाईनच्या पलीकडे आम्ही फोटोसाठी बऱ्याचदा गेलो आहोत, सगळे रांगेत उभे राहून. ते बंद. हे खरंच माहीत नव्हतं.

थांबण्याबद्दल अर्धा पटलोय. शेजारी वर चढलेला असेल तर थांबेन. पण दोन्ही बाजूंना थांबणं मला अजून जास्त वाटतं. भरलेल्या दिवशी डावीकडचा संपेपर्यंत उजवीकडचा चढलेला असतो, मग आमचा नंबर यायचा कधी? याचं उत्तर इथे कोणी दिलेलं नाही.

जुना लीगवाला

गर्दीच्या दिवशी लीगमध्येही हे होतं. तेव्हा नजर मिळवायची. तुम्ही खाली बॉल घेऊन तयार उभे दिसलात की बहुतेक जण हाताने "तुम्ही जा" म्हणतात.

रविवारचा गडी

आणि तो उजवीकडचा असला तरी?

जुना लीगवाला

असला तरी. त्याने हात केला की निघायचं, लगेच. तिथे "नाही नाही, तुम्हीच" करत बसू नका, तिसऱ्या लेनवरचा वाट बघत असतो.