आभाळ बदललं, आणि म्हणे काय बिघडलं?

दगडावरची_सावली

परवा 'रंगरेषा' यांनी इथे एका जुन्या घुमटाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "त्या दिवशी आभाळ पांढरंफटक होतं, म्हणून दुसऱ्या ठिकाणचं पौर्णिमेचं आभाळ बसवलं. बघणाऱ्याला फोटो सुंदर दिसल्याशी मतलब. ज्यांना जसंच्या तसं हवं त्यांनी झेरॉक्स काढावी." हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

फोटो मी मोठा करून पाहिला. समोरच्या भिंतीवर ऊन डावीकडून, अगदी दगडाला घासून येतंय. छिन्नीचा एकेक घाव उठून दिसतोय, कोनाड्याची सावली सरळ उजवीकडे पडली आहे. म्हणजे सूर्य तुमच्या डाव्या खांद्याच्या रेषेत. आणि घुमटामागे चंद्र पूर्ण गोल! पूर्ण चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य डाव्या हाताला असेल तर समोर दिसणारा चंद्र अर्धाच असायला हवा, आणि उजळलेली बाजूही डावीच हवी.

आता आकार बघा. चंद्राची आकाशातली रुंदी जेमतेम अर्धा अंश. सेन्सरवर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चकती) त्याचं चित्र फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) साधारण ११०व्या भागाएवढं पडतं. जोत्याचे दगड कडेला ज्या तऱ्हेने ताणले गेलेत त्यावरून लेन्स २४ मिमीच्या आसपासची दिसते. तिच्यातून चंद्र पाव मिमीसुद्धा येत नाही, आणि फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची असते २४ मिमी. तुमचा चंद्र फ्रेमच्या उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे, म्हणजे ४ मिमी. त्याला साधारण ४४० मिमीची लेन्स लागते, आणि ती लावून अख्खी वास्तू फ्रेममध्ये घ्यायची तर खूप दूर जाऊन उभं राहावं लागतं. तिथून जोतं असं ताणलेलं दिसत नाही.

तुम्ही आभाळ बदललंत हे लिहिलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटो पुढे पाठवला जातो, खालचं वाक्य मागे राहतं. ज्या कारागिराने तो घुमट उभा केला त्याने ऊन कुठून येणार हे बघूनच खाच किती खोल घ्यायची ते ठरवलं असणार. त्या उन्हाशी जुळत नसलेलं आभाळ मागे लावलं की दगडाचं बोलणंच बंद होतं. मला त्याचा मनापासून राग येतो.

रंगरेषा

चंद्राचं गणित बरोबर आहे. मान्य. पुढच्या वेळी चंद्र लहान बसवीन. आभाळ बदलायचा हक्क मात्र सोडत नाही.

आणि हे सगळं कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं असा सूर लावू नका. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राचे जे फोटो केले, त्यांतल्या कित्येकांत आभाळ एका निगेटिव्हचं आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हचं आहे. त्या काळचं रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलायचं. लाटा नीट याव्यात एवढा वेळ दिला की आभाळ कोरं पांढरं. माझी अडचण तीच होती, उपायही तोच केला.

तुमच्या लाडक्या जुन्या वास्तूंचंच घ्या. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशभरच्या जुन्या इमारती टिपायला पाठवलं. त्यांतले बाल्द्यू निगेटिव्ह कापून जोडायचे, वर ब्रशही चालवायचे. आर्ल गावातल्या जुन्या चर्चच्या ओवरीचा त्यांचा फोटो अनेक निगेटिव्ह जोडून केलेला आहे. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांच्या १९४४च्या, कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावच्या पहाटेच्या फोटोत डोंगरावर शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी 'एलपी' अक्षरं लिहिली होती. अॅडम्सनी ती निगेटिव्हवरच बुजवली. त्यांना तुम्ही खोटारडं म्हणणार का? सरळ उत्तर द्या.

चौकट

मी रंगरेषांच्या बाजूने. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी पॅरिसचा रस्ता टिपला. गजबजलेला रस्ता, पण फोटोत चिटपाखरू नाही, कारण एक्स्पोजर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) काही मिनिटांचं होतं. बूट पॉलिश करून घ्यायला एक जण थांबला होता म्हणून तो तेवढा उमटला. म्हणजे गर्दी पुसायचं काम कॅमेऱ्यानेच पहिल्यांदा केलं. आज मी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावून तीन मिनिटांचं एक्स्पोजर देतो, किंवा तिपाईवरून वीस फोटो घेऊन मीडियन काढतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बहुतेक फोटोंत जे दिसतं तेच ठेवतो, आणि माणसं घालवतो. हे चालतं, आणि आभाळ बदललं की पाप?

दगडावरची_सावली

बाल्द्यूंनी जोडलेले सगळे तुकडे त्याच ओवरीचे होते. एका निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार दोन्ही मावत नव्हते, म्हणून जोडले. अॅडम्सनी अक्षरं बुजवली ती मला खटकतात, कायम खटकली आहेत. मोठा माणूस म्हणून मी त्यांना सूट देत नाही.

फेब्रुवारी १९८२चं 'नॅशनल जिओग्राफिक'चं मुखपृष्ठ आठवा. उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले. केवढा गदारोळ झाला! हजारो वर्षं जागचा न हललेला दगड एका मुखपृष्ठासाठी हलवला, हेच लोकांना लागलं.

चौकट, तुमच्या वीस फोटोंबद्दल माझी हरकत कमी आहे. माणसामागची भिंत खरोखर तिथे होती आणि तुम्ही ती खरोखर टिपलीत.

जुनीभिंत

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या कामात आहे. तुम्ही सगळे सौंदर्यावर बोलताय, मी फक्त कामाचं सांगते.

एका शिखराचा दगडी कळस कलला होता. कलायला कधी लागला हे ठरवायचं होतं, म्हणून मागच्या दहा-बारा वर्षांत लोकांनी काढलेले फोटो गोळा केले. चांगले, मोठे, स्पष्ट असे पाचच मिळाले. त्यातल्या तीन फोटोंत आभाळ बदललेलं! आभाळ बदलताना सॉफ्टवेअर कडा कापतं, आणि कापताना बारीकसारीक खाऊन टाकतं. सांध्यात उगवलेलं गवत, आकाशातल्या विजेपासून वाचवणारी तार, कळसाचा तुटलेला टवका, सगळं गुळगुळीत. एका फोटोत तर टवका भरूनच आला होता. त्या फोटोवर विसंबलो असतो तर कळस त्या वर्षापर्यंत धड होता असं लिहून मोकळे झालो असतो.

दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं वॉर्सा पुन्हा बांधताना बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं समोर ठेवली होती. आपण काढलेलं चित्र पुढे कोणाच्या काय कामाला येईल हे काढणाऱ्याला कळत नसतं.

पाणथळ

आभाळावर एवढी शाई खर्च करताय, तिकडे पक्ष्यांच्या फोटोत काय चाललंय ते बघा. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ 'रॉ' फाईलमध्ये एक पिक्सेल हललेला नसतो आणि फोटो सपशेल खोटा असतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत २००९चा पहिला आलेला लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं. त्याच स्पर्धेतलं मुंगीखाऊचं एक चित्र २०१८ मध्ये बाद झालं, कारण तो पेंढा भरलेला होता. एडिटिंगचा काय संबंध?

आणि घरट्यांचे फोटो! चोचीत किडा, खाली तीन उघड्या चोची, पानांचा अडथळा नाही, मागे स्वच्छ हिरवं. ती पानं कुठे गेली हे एकही वाहवा करणारा विचारत नाही. पक्षी घरटं पानाआड करतो ते काही उगाच नाही.

तळ्याकाठी

पाणथळ, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी वीस वर्षं घरट्यांचे फोटो काढतोय. लपण, म्हणजे आडोशाचा छोटा तंबू, आधी लांब लावायचं, रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं, पक्षी बिचकला की मागे घ्यायचं. पक्षी-छायाचित्रणाचा पायाच घरट्यांवर घातला गेलाय. इंग्लंडमधले सुरुवातीचे पक्षी-छायाचित्रकार कीर्टन बंधू पोकळ बैलाच्या सोंगात शिरून बसायचे. तिथलेच पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या पंजाने गेला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. तुम्ही आज येऊन सगळे घरटेवाले गुन्हेगार ठरवता?

पाणथळ

हॉस्किंगांच्या काळात एका घरट्यापाशी एक माणूस असायचा. आज एकाने जागा सांगितली की दुसऱ्या दिवशी चाळीस लेन्स येतात. तुमचं लपण सावकाश सरकेलही, बाकीच्या एकोणचाळीसांचं काय? आणि घुबडाने डोळा काढला ही बहाद्दुरीची गोष्ट म्हणून काय सांगता? पिल्लांपाशी आलेल्याला ते घुबड हाकलत होतं.

तळ्याकाठी

तोंड सांभाळून बोला. त्या माणसाने पक्ष्यांसाठी जे केलं त्याचा शतांशही तुमच्या हातून व्हायचा नाही. आणि तुम्ही स्वतः मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावत नाही?

पाणथळ

वाजवायचो. बंद केलं, कारण सांगतो. विणीच्या दिवसांत एका छोट्या पक्ष्याच्या नराचा आवाज वाजवला. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो समोरच्या काटकीवर आला, पिसं फुलवून ओरडायला लागला. अप्रतिम फोटो मिळाले. मी पुन्हा वाजवला, पुन्हा आला. चाळीस मिनिटं हे चाललं. नंतर फोटो क्रमाने बघताना लक्षात आलं की पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत त्याच्या चोचीत एक हिरवी अळी आहे. पिल्लांसाठी आणलेली. चाळीस मिनिटं तो ती तोंडात धरून नसलेल्या शत्रूशी भांडत होता.

ते फोटो मी आजवर कोणाला दाखवले नाहीत.

चौकट

विषय आभाळाचा होता. घरट्यांचं वेगळं बोला.

पाणथळ

वेगळं कसं? बघणाऱ्याला समोरचं दिसतं ते तसंच घडलं असं वाटतं, आणि ते तसं घडलेलं नसतं. इथे तर शिवाय जीव जातो.

तळ्याकाठी

रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. सुरुवातीच्या वर्षांत मीही एक फांदी बाजूला बांधली होती. कापली नव्हती, दोरीने बांधली. दोन तास फोटो काढले, जाताना सोडली. त्या दोन तासांत ऊन थेट घरट्यात होतं. मादी चोची भरवायचं सोडून पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभी राहिली, चोच उघडी, गळा धपापत होता. मला तेव्हा ती पोज वाटली. त्यातला एक फोटो मी मोठा करून घरात लावला होता, कितीतरी वर्षं. ती काय करत होती हे एका जाणत्या माणसाने भिंतीकडे बघून सांगितलं तेव्हा कळलं.

घरट्याचे सगळे फोटो वाईट हे मी अजूनही मानत नाही. लपणाची शिस्त पाळली तर घरटं सुखरूप राहतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पण घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही आणि पान हलवायचं नाही, एवढं तुमचं मान्य करतो.

पाणथळ

एवढं मान्य केलंत तरी पुष्कळ. हॉस्किंगांबद्दल जास्त बोललो असेन. घुबडाबद्दल जे बोललो ते मागे घेत नाही.

रंगरेषा

माझा प्रश्न अजून तसाच आहे. सावली, तुम्ही स्वतः इमारतींचे फोटो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता ना? कॅमेरा वर केला की भिंती मागे झुकलेल्या दिसतात, मग तुम्ही वरचा भाग ताणता. तेव्हा घुमट होता त्यापेक्षा उंच होतो. तुमच्या मागच्या फोटोत तो अंड्यासारखा झालाय. मोजून बघा.

दगडावरची_सावली

मोजला. तुमचं खरं आहे. उंची सुमारे आठवा हिस्सा जास्त भरली. दूर जाऊन मोठ्या लेन्सने काढला असता तर कॅमेरा फारसा वर करावा लागला नसता आणि हे ताणणं बरंचसं टळलं असतं, पण मी तसं केलं नाही आणि हे खाली कुठे लिहिलंही नव्हतं. फोटो दुरुस्त करून टाकतो, भिंती थोड्या झुकलेल्या ठेवून.

पण दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका. उंची चुकली ती मी मागे घेऊ शकतो, कारण दगड तिथलाच आहे. तुमच्या आभाळाखाली काय होतं ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

रंगरेषा

माहीत करून देते. हा घ्या मूळ फोटो, पांढऱ्या आभाळाचा, काहीही हात न लावलेला. मला अजूनही तो निर्जीवच वाटतो, आणि माझ्या भिंतीवर मी चंद्रवालाच लावणार.

जुनीभिंत

रंगरेषा, मूळ फोटोत घुमटाच्या कडेला, कळसाच्या खाली डाव्या बाजूला एक काळी रेघ आणि तिच्या टोकाशी गवताचा झुपका आहे. चंद्रवाल्या फोटोत झुपका नाही आणि रेघही अर्धीच उरली आहे. ती सावली नव्हे, ऊन त्याच बाजूने येतंय. तिथल्या सांध्यातून पाणी आत उतरतंय असं मला वाटतं. मूळ फाईल पूर्ण आकारात पाठवाल का? फोटो काढल्याची तारीखही सांगा, आणि त्याच्या आधीचा याच बाजूचा एखादा असेल तर तोही.