वाइन आवडत असेल तर वाइनरीच्या शरदोत्सवाला जाऊ नये

चोखंदळ

द्राक्षतोडणी सुरू झाली की वाइनरीवाल्यांच्या उत्सवांना ऊत येतो. एक बँड, खाण्याच्या गाड्या, द्राक्षं तुडवायला लाकडी हौद, तिकिटाबरोबर गळ्यात अडकवायचा ग्लास. आमच्या जवळच्या वाइनरीचा उत्सव नुकताच पार पडला. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग खुशाल तुटून पडा: ज्याला वाइन आवडते त्याने वाइनरीत वर्षभरात कधीही जावं, उत्सवाच्या दिवशी तेवढं जाऊ नये.

वाइनची बरीचशी चव नाकानेच कळते. आता तिथे नाकाची काय अवस्था होते बघा. एका बाजूने शेगडीचा धूर, दुसऱ्या बाजूने सनस्क्रीन, पुढच्या माणसाचं अत्तर. पांढरी वाइन साधारण ८ ते १२ अंशांवर प्यायची. बाटल्या बर्फाच्या टबात ठेवलेल्या असतात हे खरं, पण दुपारपर्यंत टबात नुसतं पाणी उरलेलं असतं आणि बाटली टेबलावरच फिरत राहते. लाल वाइन उन्हात तापलेली, त्यामुळे नाकाशी नेली की आधी अल्कोहोल झोंबतो. बाकीचं काही असलंच तर त्याच्या मागे दडलेलं. ग्लास जाड आणि सरळसोट. चव घ्यायचा ग्लास वरच्या बाजूला निमुळता असतो तो वास आत धरून राहावा म्हणून, शोभेसाठी नव्हे.

त्यात कुठली वाइन आधी घ्यायची हे आपण ठरवत नाही, रांग ठरवते. जिथे माणसं कमी तिथे घुसायचं. म्हणजे आधी दणदणीत लाल, मग गोड, मग बिचारी हलकी पांढरी. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालांतून उतरणारा तुरट पदार्थ, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. घोटामागून घोट घेतले की हा कोरडेपणा साचत जातो. त्यानंतर नाजूक वाइन बेचवच लागणार. चव घेऊन वाइन थुंकायचं भांडं मागितलं तर काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की जसं मी काही अश्लीलच बोललो.

त्या मुलाला मी विचारलं, ही पिंपात किती दिवस होती? तो म्हणाला, "सर, ही रेड आहे."

यात वाइन कुठे आहे?

भटकी_निशा

> यात वाइन कुठे आहे?

तुमच्या हातात होती की! चोखंदळराव, वाढदिवसाला जाऊन मेणबत्तीचं मेण तपासण्यातला प्रकार झाला हा. उत्सव तोडणीचा आहे, वाइनच्या परीक्षेचा नाही.

आणि गर्दी हे काही अलीकडचं मार्केटिंगवाल्यांचं खूळ नाही. जर्मनीतल्या बाड ड्युर्कहाइमचा वाइन उत्सव आपली सुरुवात १४१७ पासून सांगतो. टेकडीवरच्या चॅपेलला यात्रेकरू यायचे, आजूबाजूचे शेतकरी हातगाड्यांवर वाइन नेऊन विकायचे. आजही तिथल्या छोट्या मांडवांच्या नावात ती हातगाडी आहे. सप्टेंबरमध्ये लाखो लोक येतात. मांडवात अरुंद लांब बाकं, त्यावर अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसलेली आणि अर्ध्या लिटरचा एक ग्लास सगळ्यांत फिरतोय. निमुळता-बिमुळता काही नाही. त्या ग्लासला चक्क बोटं रुतवायला खळगे असतात, ओल्या हातातून निसटू नये म्हणून.

स्वित्झर्लंडमधल्या वेव्हे गावचा द्राक्षमळेकऱ्यांचा उत्सव तर साधारण एका पिढीत एकदाच होतो. १९९९ नंतर थेट २०१९ मध्ये झाला. मुळात मळ्यात राबणाऱ्या कामगारांचा गौरव करायला तो सुरू झाला. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते काही तिथल्या पांढऱ्या वाइनच्या तापमानाकडे बघून नाही.

वर्षभर एकट्याने, शांतपणे, नाक खुपसून प्या. कोण अडवतंय?

शेजारीण

निशाताई, सहाशे वर्षांपूर्वीचे यात्रेकरू पायी यायचे. आताचे गाडी घेऊन येतात.

वाइनरीला जाणारा रस्ता म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने शेतात उतरायचं, एवढाच रुंद. उत्सवाच्या शनिवारी आम्ही घराबाहेर पडतच नाही, कारण परत येता येत नाही. लोक आमच्या फाटकासमोर गाडी लावतात आणि वर "पाचच मिनिटं" म्हणतात. बँड रात्री वेळेत थांबतो हे मान्य करते, पण त्यानंतर फाटकाबाहेर जे गाणं चालतं त्याला कुठलीच वेळ नसते. एखादी रुग्णवाहिका यायची वेळ आली तर कुठून येणार, याचं उत्तर आयोजकांकडे अजून मिळालेलं नाही.

वाइन कशी होती ते मला माहीत नाही. ठेवणीतली बाटली पाठवतात दर वर्षी माफीदाखल. ती बरी असते.

टाकीवाला

एका लहान वाइनरीत कामाला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलणी खायची सवय आहे. थोडं लांबेल.

चोखंदळ, काउंटरवर तुम्हाला वाइन बनवणारा माणूस का भेटला नाही, तर तो त्या वेळी मागे टाकीवर उभा होता. लाल वाइनमध्ये रसाबरोबर सालंही आंबतात. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड सालांना वर ढकलतो आणि रसावर सालांचा जाडजूड थर बसतो. हा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तळाचा रस पंपाने वरून सोडावा लागतो. रंग आणि टॅनिन सालांतूनच यायचं असतं. दुर्लक्ष केलं तर वरचा थर वाळतो, त्यावर व्हिनेगर करणारे जिवाणू घर करतात, आत उष्णता कोंडते आणि यीस्ट दम तोडायला लागतं. टाकीला शनिवार-रविवार कळत नाही. त्या दिवशी साहेबांचे हात कोपरापर्यंत जांभळे असतात आणि डोक्याभोवती चिलटं. त्यांना गर्दीसमोर उभं करणं गर्दीच्याही हिताचं नाही.

तळघर दाखवत नाहीत म्हणूनही तक्रारी येतात. हाच वायू हवेपेक्षा जड, ना रंग ना वास. आंबवण चालू असताना बंद जागेत तो तळाशी साचतो, आणि त्यात गुदमरून माणसं दगावली आहेत. तोडणीच्या दिवसांत कुठलाही शहाणा वाइनवाला तिथे लहान मुलं घेऊन फिरणार नाही.

मग उत्सव नेमका तेव्हाच का? अहो, पैसा. तोडणी म्हणजे मजुरी रोख द्यायची, बाटल्या आणि बुचांची ऑर्डर उभी, आणि आज टाकीत पडलेली लाल वाइन विकायला निदान वर्षभर, बरेचदा जास्त वेळ. एरवी आमची बाटली वितरक आणि दुकानदाराच्या हातातून जाते आणि प्रत्येक हात आपला वाटा काढून घेतो. दारात विकलेल्या बाटलीचा तो वाटा आमच्याकडे राहतो. ज्याला तुम्ही गोंगाट म्हणता त्यावर तोडणीची मजुरी निघते.

आणि हो, तुडवलेल्या हौदातला रस आम्ही वाइनमध्ये घेत नाही. दर वर्षी कोणीतरी कानात विचारतंच. पायांनी तुडवणं मुळात चुकीचं नाही. पायाखाली बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा उतरत नाही. पोर्तुगालच्या दोऊरो खोऱ्यात पोर्ट नावाच्या वाइनसाठी काही जण दगडी हौदांत अजून तसंच तुडवतात. पण ते लोक आधी पाय धुतात. उत्सवातल्या मंडळींची खात्री नाही.

चोखंदळ

टाकीवाला, प्रतिसाद सुंदर, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. घरात सगळ्यांत जास्त काम असेल तेव्हाच हजार पाहुणे बोलवायचे, जाणकार माणूस मागे अडकलेला, तळघर बंद, आणि पाजायची ती मागच्या वर्षांची वाइन. मग हा उत्सव वसंतात का घेत नाही? हवा थंड असेल, बाटल्या तयार असतील, माणसं मोकळी असतील. मजुरीसाठी तेव्हा पैसे बाजूला काढून ठेवा.

तारीख काय, हलवता येते. फ्रान्समध्ये बोजोले नूव्हो ही त्याच वर्षीच्या द्राक्षांची ताजी वाइन आधी १५ नोव्हेंबरला बाहेर यायची. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ठरवला, म्हणजे पुढे शनिवार-रविवार लागून येतो. द्राक्षांना त्याने काही फरक पडला नाही, विक्रीला पडला. तेव्हा "तोडणीचा उत्सव तोडणीतच" या भावनेमागे हिशेबच असतो, हे मान्य करा.

निशाताई, मांडीला मांडी लावून बसायला माझी ना नाही. वाइनच्या नावाखाली नको, एवढंच.

गाडी_माझ्याकडे

दर वर्षी मला नेतात ते माझ्या सहवासासाठी नाही, माझ्याकडे लायसन्स आहे आणि मी पीत नाही म्हणून. तेव्हा शुद्धीवरच्या माणसाची साक्ष घ्या.

दुपारी बारा ते दोन मंडळी ग्लास तिरका करून रंग बघतात. दोन ते चार "ही मघाची की वेगळी?" चारनंतर ग्लास कोणाचा हेही कळत नाही. कारण साधं आहे. ३० मिलिलिटरचा घोट कोणाच्या खिजगणतीत नसतो. असे आठ घोट म्हणजे २४० मिलिलिटर, जवळपास एक तृतीयांश बाटली. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये एवढ्याचा शुद्ध अल्कोहोल होतो सुमारे २५ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम हातावेगळा करतं. म्हणजे अडीच ते साडेतीन तास. आणि "मी नुसती चव घेतली" म्हणणारा माणूस शेवटच्या घोटानंतर दहा मिनिटांत किल्ली मागतो.

चोखंदळ, तुमच्या थुंकायच्या भांड्याला माझा पूर्ण पाठिंबा. भांडी टेबलाखाली लपवायची नाहीत, वर ठेवायची. न पिणाऱ्याकडून पिणाऱ्याएवढंच तिकीट घ्यायचं नाही. आणि शेजारीणबाईंच्या रस्त्यासाठी मुख्य रस्त्यापासून बस सोडायची. एवढं केलं तर उत्सव कुठल्याही ऋतूत घ्या.

कोरडा

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या तिच्या संस्थेने तर १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखू आणि अॅस्बेस्टॉसच्या पंगतीत. आणि इथे चर्चा काय, तर ग्लास निमुळता हवा की सरळ!

माझा आक्षेप पिण्याला नाही. मोठी माणसं आहात, प्या. पण द्राक्षाचा हौद, चेहऱ्यावर चित्रं काढून देणारी बाई, उड्या मारायचा हवेचा किल्ला, हे सगळं मुलांसाठी लावायचं आणि त्याला "कौटुंबिक" म्हणायचं, हे मला पटत नाही. बिअरच्या दुकानाबाहेर कोणी उड्या मारायचा किल्ला लावला तर तुम्हीच तक्रार कराल.

भटकी_निशा

कोरडा, पहिला परिच्छेद मान्य, त्यावर वाद घालणार नाही. दुसऱ्यावर घालते. मुलांनी वर्षातून एकदा द्राक्षाचा घोस वेलीवर बघितला, मजूर कात्रीने तो कसा कापतो ते बघितलं, ताजा रस प्यायला, तर त्यात काय वाईट? हवेचा किल्ला काढून टाका, माझी हरकत नाही. हौद राहू द्या.

चोखंदळ, वसंतात मुलांना काय दाखवणार? छाटलेली खोडं?

टाकीवाला

निशाताई, तेच लिहायला आलो होतो. वसंतात आमच्याकडे बघण्यासारखं म्हणजे बंद टाक्या आणि हिशेबाच्या वह्या. एकदा वसंतात उघडे दिवस ठेवले होते, यायचे ते नेहमीचे गिऱ्हाईक आले, छान गप्पा झाल्या, आणि नवीन चेहरा एक नाही.

चोखंदळ, हिशेब असतो हे मान्यच आहे, मीच तर मांडला. पण एक गोष्ट वसंतात मिळणार नाही. अर्धवट आंबलेला रस. जर्मन लोक त्याला फेडरवायसर म्हणतात. गढूळ, गोडसर, जिभेला चुरचुरणारा, अजून आंबतोच आहे असा. सकाळी गोड असतो तो संध्याकाळपर्यंत बदललेला असतो. वर्षातले हे काही आठवडेच तो असतो, आणि लांबच्या दुकानात पाठवायला अवघड. तुमच्या निमुळत्या ग्लासची त्याला गरज नाही, धूर आणि बँडही त्याला मानवतो. तुम्ही मागच्या वर्षाच्या लाल वाइनच्या रांगेत उभे राहिलात, कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेलातच नाही बहुतेक.

चोखंदळ

पिंप दिसलं होतं. मुलांचा रस असेल म्हणून सोडलं.

बरं, त्या पिंपापुरतं मी माझं विधान मागे घेतो. बाकीच्या काउंटरबद्दल नाही. आणि वर गाडीवाल्यांनी सांगितलेली भांडी, बस, तिकीट हे तिन्ही तुम्ही साहेबांच्या कानावर घाला. पुढच्या वर्षी रविवारी दार उघडताच येतो, तासाभरात निघतो, बँड लागायच्या आत.

शेजारीण

तासाभरात निघालात तर तुम्ही एकटेच. बसचं मात्र मनावर घ्या.

गाडी_माझ्याकडे

टाकीवाला, आमच्या मंडळींनी त्या पिंपातल्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. डिकीत आडव्या ठेवल्या आणि घरी पोचेपर्यंत गालिचा भिजला. बुच सैल होतं की गळकी बाटली दिली?

टाकीवाला

झाकण मुद्दाम सैल असतं. आत वायू तयार होत राहतो, त्याला वाट लागते. बाटली उभी ठेवायची, थंडीत ठेवायची, दोन-चार दिवसांत संपवायची. आणि गळते म्हणून कोणी झाकण पिळून घट्ट करू नका. मग गालिच्यावर भागणार नाही, डिकीभर काचा वेचाल.