नारा एका दिवसात: होर्यूजी ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जपानात ओसाकाला जातोय. नवऱ्याचं ऑफिसचं काम, आणि त्याच्या शेपटीला आम्ही तिघं: मी, आई (६९) आणि मुलगा (९). बाकीचे दिवस ओसाका आणि क्योतोत वाटून टाकलेत. नारासाठी एकच दिवस उरलाय, तोही मंगळवार. मुक्काम तेन्नोजी स्टेशनजवळ.

आईबद्दल थोडं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर चालते, मध्ये बसायला मिळालं तर आणखीही चालेल. जिने चढते, उतरताना गुडघे बोलतात. पक्की शाकाहारी, अंडंही नाही. तीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, दरवर्षी मुलांना घेऊन अजिंठ्याची वारी. नाराजवळच्या होर्यूजी या बौद्ध देवळाच्या भिंतींवर अजिंठ्याच्या जातकुळीची चित्रं आहेत हे तिने तेव्हापासून मनात धरून ठेवलंय. मुलाला फक्त हरणं हवीत. मला तोदाईजी देवळातला मोठा बुद्ध बघायचाय. थोडक्यात, तिघांचे तीन देव.

मी कागदावर मांडलेला बेत असा: सकाळी नाम्बाहून किन्तेत्सु रेल्वेने नारा, हरणं, तोदाईजी, वर निगात्सुदो (तोदाईजीचंच चढावरचं दालन), मग कासुगा ताईशा हे शिंतो देऊळ, जेवण, तीनच्या सुमारास होर्यूजी, अंधार पडल्यावर परत. नवरा म्हणतो हा बेत नाही, बदलीची ऑर्डर आहे. होर्यूजी जमेल का? नसेल तर काय गाळू? आणि आईने खायचं काय?

प्रतिसाद, ओसाकाहून

ताई, ठिकाणं बरोबर आहेत, क्रम उलटा आहे.

नोव्हेंबरमध्ये होर्यूजी साडेचारला बंद होतं. तीनला नारातून निघालात तर आत पाऊल टाकेपर्यंत पावणेचार. त्या सुमारास सूर्यही पाचच्या आधी मावळतो, आणि लाकडी दालनांच्या आत भर दुपारीसुद्धा अंधारच असतो.

नकाशा नीट बघा. तुम्ही तेन्नोजीला आहात, नाम्बाला जाताच कशाला? तेन्नोजीहून जेआरची (जपान रेल्वेची) यामातोजी लाइन थेट नाराला जाते आणि होर्यूजी स्टेशन वाटेतच लागतं, नाराच्या दहा-बारा मिनिटं आधी. जलद गाडीने तेन्नोजीपासून साधारण पंचवीस मिनिटं. म्हणजे होर्यूजीसाठी वाट वाकडी करायची नाहीये, मधल्या स्टेशनवर उतरायचंय. सकाळी आठला उघडतं. साडेसातची गाडी पकडा, आठ-सव्वाआठला दारात. स्टेशनपासून देऊळ दीडेक किलोमीटर आहे, तिथे आईंना चालवू नका. छोटी बस आहे, नाहीतर टॅक्सी. त्यांचे पाय आत लागणार आहेत, आवार मोठं आणि सगळं वाळू-खडीचं.

दहा-साडेदहाला निघा, अकराच्या आसपास नारा. परतताना मात्र किन्तेत्सुने या. हरणांच्या बागेला तेच स्टेशन जवळचं. जेआरचं नारा स्टेशन तिथून पंधरा-वीस मिनिटं लांब आहे, आणि दिवसअखेरीस ती वीस मिनिटं चाळीसची होतात.

प्रतिसाद, डोंबिवलीहून

मी मत देतो, पटलं तर घ्या. होर्यूजी काढा. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. दोन देवळांपर्यंत त्या कौतुकाने बघत होत्या, तिसऱ्याला बाकावर बसून म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळते." नऊ वर्षांच्या पोराला तर सकाळी सकाळी दोन तास जुनी लाकडं दाखवलीत तर दिवसभर तोंड फुगलेलं राहील. हरणं, मोठा बुद्ध, एक आइस्क्रीम. झाला नारा.

प्रतिसाद, पुण्याहून

डोंबिवलीकरांचं पोराबद्दलचं म्हणणं मान्य. पण होर्यूजी ठेवायचं की नाही हे ठरवण्याआधी आईंना एक गोष्ट सांगून टाका, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड नको.

ती मूळ चित्रं आता तशी उरलेली नाहीत. २६ जानेवारी १९४९ ला पहाटे तिथल्या मुख्य दालनाला, म्हणजे कोंदोला, आग लागली. गंमत बघा, त्याच चित्रांच्या नकला करून ठेवण्याचं काम तिथे चालू होतं. रंग होरपळले, रेषा काळवंडल्या. जळक्या भिंती जपून ठेवल्यात, पण एरवी त्या दाखवत नाहीत. आज दालनात दिसतात त्या १९६०च्या दशकाच्या शेवटी बसवलेल्या प्रतिकृती, त्याही जाळीमागे, मंद उजेडात. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला देशभर देवळांतून आग विझवण्याची कवायत होते. आपण झेंडावंदन करत असतो तेव्हा ते पाइप धरून उभे असतात.

अजिंठ्याशी नातं आहे का? आहे. तिथल्या एका बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी नेहमी करतात. तोच कलता देह, तीच अर्धी मिटलेली नजर. होर्यूजीची रेघ मात्र तारेसारखी, एकसारख्या जाडीची, आणि ती चीनमधून फिरून आलेली. चित्रकलेच्या बाईंना हा फरक प्रतिकृतीतही दिसेल.

पण मी त्यांना दुसरीकडे नेईन. संग्रहाच्या दालनात 'तामामुशी' नावाचं एक छोटं लाकडी देवघर आहे, सातव्या शतकातलं. धातूच्या जाळीदार पट्ट्यांखाली एका चकचकीत किड्याचे हिरवे पंख बसवले होते, म्हणून ते नाव. त्याच्या बाजूच्या एका फळीवर भुकेल्या वाघिणीची जातककथा आहे: राजपुत्र कड्यावर अंगरखा काढून झाडाला टांगतो, उडी घेतो, आणि खाली वाघीण नि तिची पिल्लं. तिन्ही क्षण एकाच चित्रात, वरून खाली. एका चौकटीत सगळी गोष्ट सांगायची ही अजिंठ्याचीच रीत. मूळ चित्र आहे, प्रतिकृती नाही. मुलाला आधी गोष्ट सांगून ठेवा, मग चित्रात शोधायला लावा. जुनी लाकडं वगैरे तो विसरेल.

शिवाय पाच मजली पॅगोड्याच्या तळमजल्यावर ७११ सालची मातीची चित्रशिल्पं आहेत. उत्तरेच्या बाजूला बुद्धाचं निर्वाण, भोवती शिष्य तोंड वासून, छाती बडवून रडतायत. सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण शंभरदा बघितलेल्या माणसाला ते दाखवाच.

धागाकर्ती

आईला आगीचं सांगितलं. गप्प झाली. मग म्हणाली, "जळालं तरी भिंत बघून येऊ." भिंत दाखवत नाहीत म्हटल्यावर, "मग दार बघू." तेव्हा होर्यूजी राहणार. डोंबिवलीकर, राग नसावा, आइस्क्रीमही राहणार.

आता नारातलं सांगा. अकरा ते पाच. काय गाळू?

प्रतिसाद, ओसाकाहून

कासुगा ताईशा गाळा. सुंदर आहे, तीन हजारांच्या आसपास कंदील, दगडी आणि काशाचे. पण ते बागेच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि होर्यूजीनंतर आईंना तेवढी चाल जड जाईल. इसुईएन बाग कुणी सुचवली तर तुमच्या मंगळवारी ती बंद असते. कोफुकुजी देवळाचा पाच मजली पॅगोडाही सध्या दुरुस्तीसाठी पूर्ण झाकलेला आहे, काही वर्षं तसाच राहील, तेव्हा फोटोची आशा नको. तरी कोफुकुजीच्या संग्रहालयात 'आशुरा' आहे, ७३४ सालची मूर्ती. तीन तोंडं, सहा हात, आणि चेहरा दहावीतल्या कष्टी मुलासारखा. आशुरा म्हणजे आपला असुर. वेळ उरला तरच.

तोदाईजीला आधी दक्षिणेच्या महाद्वारात थांबा. दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच द्वारपाल आहेत, उन्केई आणि काईकेई या शिल्पकारांच्या कारखान्याने १२०३ मध्ये जेमतेम ६९ दिवसांत उभे केलेले. लोक हरणांच्या नादात मान वर न करता खालून निघून जातात. दाइबुत्सुदेन, म्हणजे बुद्धाचं दालन, नोव्हेंबरपासून पाचपर्यंत. चपला काढाव्या लागत नाहीत, आत सपाट आहे. बुद्ध वैरोचन, उंची सुमारे पंधरा मीटर. आत्ताचं दालन १७०९ चं, रुंदीला ५७ मीटर, मूळचं त्याहून कितीतरी रुंद होतं. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला तेव्हा हातात कुंचला धरला होता तो भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी धरल्या होत्या. आईंना हे आवडेल. मागच्या बाजूला एका खांबाला भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात. त्यातून पोरं सरपटत पलीकडे निघतात. तुमचा नऊ वर्षांचा निघेल, तुम्ही प्रयत्न करू नका.

निगात्सुदोला मुलाला घेऊन तुम्ही एकट्याच चढा. सज्जातून सगळं नारा दिसतं, तिकीट नाही. आईंनी चढायचंच ठरवलं तर शेजारी विसाव्याची खोली आहे, चहा आपला आपण ओतून घ्यायचा.

हरणं. हजाराहून जास्त आहेत, आणि पाळीव नाहीत, मोकळी आहेत. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा, म्हणून त्यांना मान. बिस्किटांचा गठ्ठा साधारण २०० येनला मिळतो. फक्त तोच द्यायचा, घरचं काही नाही. हातात धरून त्यांना ताटकळत ठेवलं की चावतात. पटकन द्या आणि दोन्ही पंजे उघडे करून दाखवा, संपलं हे त्यांना कळतं. शरद ऋतूत नर जरा तापट असतात, मुलाला माद्यांकडे वळवा. गठ्ठा फोडायचा तो आई बाकावर बसल्यावर, पाठीला भिंत असेल अशा जागी. कागद, नकाशा, तिकीट खिशात.

प्रतिसाद, नागोयाहून

जेवणाचं मी सांगते, दहा वर्षं हेच करतेय. इथे मांस नाही म्हणजे शाकाहारी, असं नसतं. खरा शत्रू दाशी, वाळवलेल्या माशाचा अर्क. सूपमध्ये, शिजवलेल्या भाजीत, नूडल्सच्या बुडवणीत, सगळीकडे. हिरवी भाजी बघून भुलू नका. "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस" (मांस-मासे खात नाही, दाशीही नको) एवढं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा.

नाराची प्रसिद्ध सुशी तेंदूच्या भाऊबंदाच्या पानात गुंडाळलेली असते, पण आत मासा. नाराझुके लोणचं साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यात मुरवतात, आईंना चालणार नाही. चालेल ते म्हणजे चागायू, भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज. नाराची जुनी न्याहारी. मात्र सोबतच्या वाट्यांत मासा येतो का ते विचारा. आणि किन्तेत्सु स्टेशनजवळ सान्जो रस्त्यावर मोची (चिकट तांदळाचे गोळे) धपाधप कुटतात ते दुकान. हिरवी मोची, आत लाल घेवड्याचं पुरण, वर सोयाबीनचं पीठ. सकाळी खोलीतून ठेपले घेऊन निघा, बाकी सगळा प्रसाद समजा. बागेत कचराकुंडी सहसा सापडत नाही, पिशवी सोबत ठेवा.

धागाकर्ती, पंधरा दिवसांनी

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आणि हिशोब.

साडेसातची गाडी चुकली, आठची मिळाली. होर्यूजीत दोन तास म्हटले होते, अडीच लागले. तामामुशीसमोर आई खाली वाकून, मग बाजूने, मग परत समोरून. मुलाला वाघीण सापडली, पण त्याचा प्रश्न वेगळाच: "अंगरखा झाडाला का टांगला?" आईने त्याला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, दोघं बराच वेळ बोलत होते. कोंदोच्या दारात ती थांबली, आत गेली, पाच मिनिटांत बाहेर आली. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

हरणांनी तासभर खाल्ला. भिंतीला पाठ ही सूचना सोन्याची. खांबाच्या भोकासाठी पोरांची मोठी रांग होती, म्हणून ते हुकलं, तो अजून बोलून दाखवतो. निगात्सुदोला आई आमच्या आधी चढली. उतरताना वीस मिनिटं लागली. आशुरा राहिला.

चागायू मिळाली नाही, दुकान दुपारी बंद. पुण्यात परत आल्यावर भाजलेला चहा उकळून त्यात आंबेमोहोर शिजवला. आईचं मत: "तुपाशिवाय पेज म्हणजे आजारपण. तूप घातलं की चहा कशाला?" नागोयाच्या ताई, भाताला चहाचं पाणी गाळून घालायचं की पुरचुंडी बांधून?